लांबची नजर

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला. आजवर कुठल्याच डॉक्टरनं माझं मत विचारलेलं नसल्यामुळे मी जरा गडबडलो. "भिंग लांबचं बसवायचं की जवळचं? लांबचं बसवलं तर लांबचं स्वच्छ दिसेल, वाचायला मात्र चष्मा लागेल. जवळचं बसवलं तर उलट." मी सवयीनं हिच्याकडे पाहिलं.

"लांबचंच बसवा," ही म्हणाली. "जवळचं बघायची ह्यांना तशीही सवय नाही."

असं लांबचं भिंग बसवून मी २०२५ च्या मार्चमध्ये चिरंजीवांकडे फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलो. तिथं मी पुष्कळ बास्केटबॉल पाहिला आणि त्याहून अधिक बास्केटबॉलवरचे वाद ऐकले. त्यांतून माझी काही मतं तयार झाली, ती इथे मांडतो. ज्याला स्वतःला चेंडू टोपलीत टाकता येत नाही त्यानं टीका का करावी, असं कोणी म्हणेल. पण हा नियम लावला असता तर मराठीत समीक्षा कोणी लिहिलीच नसती.

पोचल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, "बाबा, सिक्सर्सची मॅच आहे, बसा." मी खूष झालो. म्हटलं, चला, अमेरिकेत क्रिकेट पोचलं. पाहतो तर सहा-सात फुटी माणसं एक चेंडू आपटत धावताहेत. सिक्सर्स म्हणजे सेव्हन्टीसिक्सर्स. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा ह्याच गावात निघाला, त्या सालावरून संघाचं नाव. आपल्याकडे एखाद्या कबड्डी संघानं 'सत्तेचाळीसकर' असं नाव घ्यावं, तसं.

चेंडू टोपलीत गेला की दोन गुण, लांबून टाकला तर तीन, एवढं मला नातवानं शिकवलं. नातू नऊ वर्षांचा. तिथंच जन्मल्यामुळे त्याच्या मराठीत 'तुम्ही' हा शब्द नाही. आजी, आजोबा आणि शेजारचा कुत्रा ह्या सर्वांना तो 'तू' म्हणतो. त्याच्या अंगात टायरीस मॅक्सी ह्या खेळाडूच्या नावाचा बिनबाह्यांचा सदरा होता. खुद्द मॅक्सी बोट दुखावल्यामुळे बाहेर होता. जोएल एम्बीड हा संघाचा मुख्य खांब गुडघ्यामुळे बाहेर होता. बाकीची मंडळी नाटकाच्या ऐन प्रयोगाला बदली नट उभे करावेत तशी उभी केलेली. त्यांतला क्वेंटिन ग्राइम्स नावाचा गडी मात्र जीव तोडून खेळत होता.

त्यानं टोपली साधली की नातू सोफ्यावरून उडी मारायचा, आणि चिरंजीव दाढ ठणकल्यासारखा चेहरा करायचे.

"आपला संघ कुठला रे?" मी शेवटी विचारलं.

"हाच."

"मग असं तोंड का?"

"बाबा, आता जिंकले तर पंचाईत आहे."

नातवानं ते ऐकलं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, मग तूच सांग, मी कोणाच्या बाजूनं ओरडू?"

मला उत्तर देता आलं नाही. माझा हा सगळा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजायला हरकत नाही.

पंचाईत अशी की, एनबीए नावाच्या त्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये दर जूनला नव्या खेळाडूंचा एक प्रकारचा वधूवर मेळावा भरतो. त्याला 'ड्राफ्ट' म्हणतात. कॉलेजांतली आणि परदेशांतली तरणीबांड पोरं उभी असतात आणि संघ क्रमाक्रमानं एकेक निवडतात. ह्यात आधी निवडायचा मान हरलेल्यांना. हेतू मोठा उदात्त. दुबळ्याला बळ मिळावं. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये तळाच्या संघांना खालच्या वर्गात ढकलतात. इथं तळाला जाणाऱ्याला बक्षीस. आता वर्गात शेवटच्या येणाऱ्याला पुढच्या वर्षी सर्वांत चांगला मास्तर मिळणार असं जाहीर केलं, तर पोरं काय करतील? तेच ह्या संघांनी केलं. म्हणून १९८५ पासून तिथं सोडत काढतात. चौदा क्रमांकांचे चौदा हलके चेंडू एका यंत्रात उडवायचे, त्यांतले चार काढायचे. एक हजार एक जोड्या होतात, त्यांतली एक बाद आणि बाकीच्या हजार संघांमध्ये वाटलेल्या. जो जास्त हरला त्याच्या वाट्याला जास्त जोड्या. ज्यांनी मटक्याचा जमाना पाहिला आहे त्यांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

सिक्सर्सची त्या वर्षीची अडचण तर आणखी नाजूक होती. त्यांनी आपली निवडीची पाळी एका जुन्या व्यवहारात ओक्लाहोमा सिटीकडे गहाण टाकली होती. पहिल्या सहांत नंबर लागला तरच ती त्यांच्याकडे राहणार, नाहीतर सावकाराकडे जाणार. म्हणून हरणं आवश्यक होतं. अखेर ब्याऐंशी सामन्यांत चोवीस जिंकून आणि अठ्ठावन्न हरून त्यांनी ते पार पाडलं.

इथं एक गोष्ट खेळाडूंच्या वतीनं सांगायला हवी. मैदानावर कोणी मुद्दाम हरत नाही. त्या ग्राइम्सला पुढच्या वर्षीचा करार मिळवायचा होता. त्याला हरून कसं परवडेल? हरण्याची सोय कचेरीत केली जाते. चांगला माणूस विकायचा, दुखावलेला आणायचा, बऱ्या होत आलेल्याला आणखी आराम द्यायचा. नाटक पाडायचं असेल तर नटांना वाईट काम करायला सांगावं लागत नाही, निर्मात्यानं पात्रनिवड केली की पुरतं.

ह्या विद्येचं गुरुकुल म्हणजे हेच फिलाडेल्फिया. मे २०१३ मध्ये सॅम हिंकी नावाचा पस्तिशीतला हुशार माणूस संघाचा कारभारी झाला. त्याच्या आधीच्या वर्षी ह्या लोकांनी अँड्र्यू बायनम नावाचा एक महाकाय खेळाडू मोठा सौदा करून आणला होता. तो गुडघ्यांमुळे वर्षभरात एकही सामना खेळला नाही, आणि मध्यंतरी बोलिंग खेळायला जाऊन त्यानं गुडघा आणखी बिघडवून घेतला. असा संसार हिंकीच्या पदरात पडला. त्यानं पाहिलं की हा संघ वर्षानुवर्षं मधल्या पायरीवर बसलेला आहे. अजिंक्य व्हायला कमी आणि पहिली निवड मिळायला जास्त. त्यानं ठरवलं, इमारत पाडायची.

पहिल्याच ड्राफ्टच्या रात्री त्यानं जरू हॉलिडे हा संघातला सर्वांत चांगला खेळाडू न्यू ऑर्लीन्सला देऊन टाकला आणि बदल्यात गुडघा मोडलेला नर्लेन्स नोएल आणि पुढच्या वर्षीची एक पाळी घेतली. मायकेल कार्टर-विल्यम्स हा नवा पोरगा निवडला. तो वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला आणि दुसऱ्या वर्षी त्यालाही विकला. आपल्याकडे मुलगा बोर्डात आला म्हणून बाप पेढे वाटतो. इथं पोराला बाजारात भाव आला म्हणून विकला. १९, १८, १० हे तीन हंगामांतले विजय. एकूण सत्तेचाळीस जिंकले, एकशे नव्व्याण्णव हरले. एकदा तर दोन हंगाम मिळून सलग अठ्ठावीस सामने हरून झाले. ती मालिका १ डिसेंबर २०१५ ला तुटली. त्या रात्री समोर कोबी ब्रायंटचा लेकर्स संघ होता आणि ह्या गावचा सुपुत्र कोबी जन्मगावातला शेवटचा सामना खेळत होता. पाहुण्याला निरोप द्यायला आलेल्या गावानं त्या रात्री चुकून विजय पाहिला.

ह्या सगळ्या उद्योगाला तिथं 'प्रोसेस' म्हणतात. "प्रोसेसवर विश्वास ठेवा" ही घोषणा प्रेक्षक हरत असताना देतात, आणि आपण "गणपती बाप्पा मोरया" म्हणतो त्याच आवाजात देतात.

एप्रिल २०१६ मध्ये वरच्या लोकांचा धीर सुटला आणि हिंकीनं राजीनामा दिला. हा राजीनामा तेरा पानांचा आहे. मी छत्तीस वर्षं नोकरी केली, आस्थापना विभागात शेकडो राजीनामे हाताळले. सगळे तीन ओळींचे: घरगुती अडचणीमुळे, कृपया मान्य व्हावा, आपला विश्वासू. हे तेरा पानी प्रकरण चिरंजीवांनी मला छापून दिलं आणि मी ते जवळचा चष्मा लावून पूर्ण वाचलं. त्यात लिंकनची कुऱ्हाड आहे, वॉरन बफे आहेत, आणि न्यूझीलंडमधला नामशेष झालेला मोआ नावाचा न उडणारा पक्षीसुद्धा आहे. वाङ्मय म्हणून पाहिलं तर लेखक बहुश्रुत आहे, प्रामाणिक आहे, पण त्याला संपादक भेटलेला नाही. त्याचं मुख्य म्हणणं असं की, खोलीत जेवढे लोक बसले असतील त्यांच्यात सर्वांत लांबची नजर आपली असावी.

हे वाक्य मला थांबवून गेलं, कारण त्याच वाक्यानं माझ्या घरात दोन वर्षं धुमाकूळ घातला होता.

आमची पुण्यातली सोसायटी १९८२ ची. चार मजले, वीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. दोन वर्षांपासून पुनर्विकासाचा ठराव समोर आहे. एका पक्षाचं म्हणणं, गळती थांबवा, रंग लावा, नळ बदला. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, डागडुजीत पैसे घालणं म्हणजे म्हाताऱ्याला बाशिंग बांधणं. सरळ पाडा, तीन वर्षं भाड्याच्या घरात काढा, मग बारा मजले, लिफ्ट आणि वर गच्चीत बाग. हे सांगणारे सगळे तिशी-चाळिशीतले. लांबची नजर. मी सेक्रेटरी असल्यामुळे मला दोन्ही बाजूंच्या शिव्या समप्रमाणात मिळतात. चिरंजीव दर रविवारी फोनवर सांगायचे, "बाबा, सही करून टाका. तीनच वर्षांचा प्रश्न आहे." आता शेजारच्या सोसायटीनं तीनच वर्षांसाठी सोडलेली घरं सातव्या वर्षी हाती आली, आणि तोवर वाटपाच्या यादीत पाच ठिकाणी सभासदाऐवजी वारसाचं नाव लागलेलं होतं. हे मी फोनवर बोललो नाही. असल्या गोष्टी परदेशी फोनवर बोलण्यासारख्या नसतात.

पण बास्केटबॉलच्या निमित्तानं मात्र मी रोज रात्री जेवणानंतर बोलू लागलो. सूनबाईंना पहिल्यांदा वाटलं, बाबांना खेळाची गोडी लागली.

"प्रोसेसमधून मिळालं काय?" मी विचारी.

"एम्बीड मिळाला! २०२३ चा सर्वोत्तम खेळाडू!"

हे खरं आहे. कॅमेरूनहून आलेला एम्बीड २०१४ साली तिसऱ्या निवडीत मिळाला. पाय मोडल्यामुळे पहिली दोन वर्षं तो कपडे करून बाकावर बसला आणि मग जो खेळला तो डोळ्यांचं पारणं फेडणारं. २०१७-१८ मध्ये ह्याच संघानं बावन्न सामने जिंकले. पण हिशोबाची दुसरी बाजूही आहे. २०१६ ची पहिली निवड बेन सिमन्स. देखणा खेळ, पण टोपलीकडे चेंडू फेकायची भीती. २०२१ मध्ये अटलांटाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात टोपलीखाली मोकळा असूनही त्यानं चेंडू दुसऱ्याला दिला, आणि तो प्रसंग फिलाडेल्फियात अजून सुतकासारखा आठवतात. २०१७ ची पहिली निवड मार्केल फुल्ट्झ. ती मिळवायला बॉस्टनला जास्तीची पाळी दिली, आणि ह्याचा खांदा असा बिघडला की चेंडू फेकण्याची कलाच हरवली. बॉस्टननं तिसऱ्या पाळीत जेसन टेटम उचलला. २०१९ मध्ये टोरांटोच्या कवाय लेनर्डनं शेवटच्या क्षणी फेकलेला चेंडू टोपलीच्या कडेवर चार टप्पे घेऊन आत पडला. एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर २०२५ पर्यंत ह्या संघाला दुसरी फेरी एकदाही ओलांडता आली नव्हती.

"ते नशीब हो, बाबा."

"मग ते चौदा चेंडू काय होते?"

माझा मुख्य आक्षेप हाच आहे. हरणं हे नियोजन आणि त्याचं फळ मात्र मटका. १९९७ साली टिम डंकन नावाचं रत्न ड्राफ्टमध्ये होतं. बॉस्टन त्यासाठी पंधरा विजयांपर्यंत खाली उतरलं. डंकन मिळाला सॅन अँटोनियोला, ज्यांचा मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन खरोखरच जायबंदी होता म्हणून ते हरले होते. त्यांनी पुढे पाच अजिंक्यपदं मिळवली. हिंकीनं २०१३ मध्ये अकराव्या पाळीत कार्टर-विल्यम्स घेतला. पंधराव्या पाळीत मिलवॉकीनं ग्रीसचा यानिस आंतेतोकुंपो घेतला, आणि २०२१ चं अजिंक्यपद त्यानं मिळवून दिलं. एम्बीडच्याच वर्षी सर्बियाचा निकोला योकिच एकेचाळिसाव्या क्रमांकावर पडून होता. डेन्व्हरनं त्याचं नाव घेतलं तेव्हा टीव्हीवर जाहिरात चालू होती. २०२३ मध्ये डेन्व्हर अजिंक्य.

"मग काय करायचं म्हणता? डागडुजी?"

डागडुजीवर माझाही आंधळा विश्वास नाही. तिसरा मार्ग तयार घर विकत घेण्याचा. ह्याच संघानं १९७२-७३ मध्ये नऊ विजय आणि त्र्याहत्तर पराभव असा विक्रम केला होता. पहिली पाळी मिळाली, डग कॉलिन्स आला, चांगला खेळाडू. पण खरा फरक पडला तो १९७६ मध्ये ज्युलियस अर्व्हिंगला रोख पैसे मोजून आणल्यावर आणि १९८२ मध्ये मोझेस मलोन आल्यावर. १९८३ ला अजिंक्यपद. म्हणजे तिथंही दहा वर्षं गेली. पण खरेदीतही माल पाहून घ्यावा लागतो. २०२४ मध्ये ह्यांनी पॉल जॉर्जला चार वर्षांसाठी एकवीस कोटी डॉलरांहून अधिक देऊन घेतलं. तेव्हा तो चौतीस वर्षांचा. पहिल्या वर्षी तो निम्मे सामने खेळला आणि एम्बीड एकोणीस. "एवढ्या पैशांत लिफ्टसकट सोसायटी झाली असती," असं ही म्हणाली. आमच्या घरातली ही एकमेव निर्विवाद समीक्षा.

मेच्या बारा तारखेला सोडत होती. दिवाणखान्यात सत्यनारायण असल्यासारखी गर्दी. चिरंजीवांचे मित्र, त्यांच्या बायका, मुलं, पावभाजी. सतराच विजय मिळवून यूटानं शेवटून पहिला नंबर कमावला होता. त्याला मिळाली पाचवी पाळी. डॅलसच्या वाट्याला हजारांत अठरा जोड्या होत्या. पहिली पाळी त्याला. आणि फिलाडेल्फियाला तिसरी! गहाण सुटलं! मोठी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. नातवानं मला मिठी मारली, कारण आता अखेर कोणाच्या बाजूनं ओरडायचं ते त्याला कळलं होतं. त्या पाळीतून पुढे बहामाचा व्हीजे एजकोम्ब आला. यूटाच्या घराघरांत त्या रात्री काय झालं असेल, हे कोणी विचारलं नाही. वर्षभर नापास होऊन मास्तरही मिळाला नाही.

जूनमध्ये अंतिम लढत आमच्या वादासाठीच ठरवल्यासारखी झाली. एकीकडे ओक्लाहोमा सिटी. त्यांनी २०१९ मध्ये हाच पॉल जॉर्ज विकून शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पाळ्यांची रास घेतली, दोन हंगाम भरपूर हरले आणि घर नव्यानं बांधलं. दुसरीकडे इंडियाना, त्यांनी शेवटून पहिला नंबर कधी मागितला नाही, काही खेळाडू देऊन टायरीस हॅलिबर्टन घेतला आणि भिंती न पाडता घर वाढवलं. पाडापाडी विरुद्ध डागडुजी, आणि सामने सातच्या सात! शिवाय इंडियानाकडून टी. जे. मॅकॉनेल नावाचा बुटका गडी जिवाच्या आकांतानं खेळत होता. हा प्रोसेसच्या काळातला. २०१५ मध्ये कोणीच निवडला नाही म्हणून फिलाडेल्फियात आलेला. पाडलेल्या वाड्यातली एखादी जुनी खिडकी दुसऱ्याच्या बंगल्यात शोभून दिसावी, तसा.

सातव्या सामन्यात सुरुवातीलाच हॅलिबर्टनच्या टाचेमागची शीर तुटली. ओक्लाहोमा जिंकलं.

"बघा!" चिरंजीव म्हणाले.

"टाचेवर सिद्धांत उभा करू नकोस," मी म्हणालो. पण मनातून मी हरलो होतो. त्यांची पाडापाडी दोन हंगामांत आटोपली होती आणि पोरं निरोगी निघाली होती. मार्ग चुकीचा नसतो. कोणाला किती काळ थांबायला लावलं आणि थांबणाऱ्याची सोय काय केली, ह्यावर तो बरा की वाईट हे ठरतं. हिंकीच्या तेरा पानांत मला सापडलं नाही ते एवढंच. दहा दिवसांच्या करारावर आलेला आणि अकराव्या दिवशी बॅग भरणारा पोरगा त्या लांबच्या नजरेत येत नाही. सत्तरीतला प्रेक्षक येत नाही. त्याच्याजवळ हंगाम मोजकेच असतात. आणि कोणाच्या बाजूनं ओरडू असं विचारणारं नऊ वर्षांचं पोर येत नाही. लांबचं भिंग बसवलं की ताटातलं मीठ आणि साखर सारखीच दिसते. हे मी अनुभवानं सांगतो.

हे सगळं मी त्या रात्री चिरंजीवांना ऐकवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाबा, मी इथं आलो कधी?"

"२०१३ च्या ऑक्टोबरात."

"त्या वर्षी एप्रिलमध्ये व्हिसाची सोडत निघाली होती. माझा नंबर लागला, माझ्या खोलीतल्या मित्राचा नाही. तो माझ्यापेक्षा हुशार होता. इथं आलो, ओळखीचं कोणी नाही. महिनाअखेर पहिली मॅच पाहिली, सिक्सर्सनं विजेत्या मायामीला हरवलं. मी म्हटलं, हाच आपला संघ. नंतर ते हरायला लागले आणि तिकिटं पडेल भावात मिळायला लागली, म्हणून मला परवडली. रिकाम्या स्टेडियममध्ये आम्ही चार-पाच देशी पोरं बसायचो. शेजारी विचारायचे, हरणारा संघ बघायला का येता? आम्ही म्हणायचो, प्रोसेस चालू आहे."

"बरं मग?"

"ग्रीन कार्डचीही प्रोसेसच चालू आहे, बाबा. देशागणिक कोटा आहे, आपल्या देशाची रांग सर्वांत लांब. बारा वर्षं झाली. ह्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवू?"

मी छत्तीस वर्षं लोकांचे अर्ज 'विचाराधीन' असा शेरा मारून ठेवत आलो. अर्जाच्या पलीकडे कोणीतरी भाड्याच्या घरात राहत असतं हे मला त्या रात्री फिलाडेल्फियाच्या उपनगरात, लांबचं भिंग असलेल्या डोळ्यांनी दिसलं. दर रविवारी हा मुलगा मला 'तीनच वर्षं' म्हणत होता, तेव्हा तो बारा वर्षं थांबलेला माणूस होता. त्याला तीन हा आकडा खरोखरच लहान वाटत होता. आणि मला तो मोठा का वाटतो, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. मग शेजारच्या सोसायटीतल्या त्या पाच वारसांची गोष्ट मी त्याला सांगितली. तो काही बोलला नाही. उठून त्यानं माझ्यासाठी चहा टाकला, आणि साखर स्वतःच मोजून घातली.

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीला पत्र लिहायला बसलो. पुनर्विकासाला माझी संमती आहे; मात्र सत्तरीवरच्या सभासदांना भाड्याचं घर तळमजल्यावर किंवा लिफ्टचं आणि ह्याच गल्लीत मिळावं, भाडं वर्षाचं आगाऊ जमा व्हावं, आणि मुदत टळल्यास दर महिन्याला दंड असावा. लिहिता लिहिता पान उलटलं, दुसरं उलटलं, मोआ पक्ष्याचा मोह होऊ लागला.

"तेरा पानी करू नका," ही मागून म्हणाली. "तीन ओळींत लिहा. वाचणाऱ्यांतही मोतीबिंदूवाले आहेत."

मी तीन ओळींत लिहिलं. तेवढ्यात बाहेर गॅरेजवरच्या टोपलीखाली नातू चेंडू आपटत उभा राहिला आणि त्यानं मला खेळायला ओढलं. दहा गुणांचा डाव. आजोबाच्या धर्माला जागून मी चार सोपे चेंडू टोपलीच्या बाजूनं जाऊ दिले. पाचव्याला त्यानं चेंडू काखेत धरला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, तू मुद्दाम हरतोयस."

"नाही रे, मला खरंच येत नाही."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि चेंडू माझ्या हातात दिला. "टाक. मी तुझ्या बाजूनं ओरडतो."